चॉकलेट खावं, पण आधी पाकीट उलटं करून

राखीपौर्णिमा आणि दिवाळीच्या आधी मला जे फोन येतात त्यात एक वाक्य ठरलेलं असतं. "ताई, डार्कच द्या हं, बाबांना बीपी आहे." मी चिंचवडला घरगुती चॉकलेटं करून विकते आणि त्याचे क्लासही घेते. म्हणजे चॉकलेट तब्येतीला चांगलं असतं असं लोकांना जितकं वाटेल तितका माझा गल्ला भरणार. तरी मी फोनवर उलटा प्रश्न करते, की तुम्हाला गोड म्हणून हवंय की गुणकारी म्हणून? गोड म्हणून हवं असेल तर आवडेल ते घ्या आणि मजेत खा. गुणासाठी हवं असेल तर माझ्याकडचा बराचसा माल त्या कामाचा नाही, आणि दुकानाच्या काउंटरवरच्या चकचकीत पाकिटांतलंही थोडंच त्या कामाचं आहे. ते थोडं कसं ओळखायचं, किती खायचं, कुणी खाऊ नये आणि त्याहून स्वस्तात काय मिळतं, एवढंच इथे सांगते.

गुण कशात असतो

कोकोची फळं थेट खोडाला लगडतात. जाड सालीच्या आत आंबटगोड पांढऱ्या गरात तीस-चाळीस बिया असतात. कच्ची बी चावली तर तोंड वाकडं होतं, इतकी ती कडू आणि तुरट. हा तुरटपणा ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांना फ्लॅव्हनॉल म्हणतात, आणि चॉकलेटच्या फायद्यांच्या गप्पा फिरून फिरून त्यांच्यापाशीच येतात. त्यातलं मुख्य म्हणजे एपिकॅटेचिन. ते पोटात गेलं की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला मदत होते, त्यामुळे वाहिन्या जरा सैलावतात आणि रक्त मोकळं वाहतं.

आता अडचण अशी की बीला चव यावी म्हणून जे जे करतात ते सगळं या फ्लॅव्हनॉलच्या मुळावर येतं. बिया पाच-सहा दिवस झाकून आंबवतात, त्यात काही जातं. उन्हात वाळवतात, त्यात जातं. भाजतात, त्यात आणखी जातं. आणि रंग गडद यावा, आंबटपणा मरावा म्हणून काही कारखान्यांत कोकोवर अल्कलीची, म्हणजे सोड्यासारख्या क्षाराची, प्रक्रिया करतात, तिथे तर फडशाच पडतो. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत नारळ-पोफळीच्या सावलीत कोको लावतात. दक्षिण कन्नडमध्ये पुत्तूरला कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून आहे. पण बी कुठलीही असो, बागेतून निघताना तिच्यात असलेला गुण आपल्या हातात येईपर्यंत किती उरला हे नुसत्या रंगावरून किंवा कडूपणावरून सांगता येत नाही. एखादं काळंकुट्ट चॉकलेट अगदीच निर्गुण निघू शकतं.

शास्त्रज्ञ नक्की काय म्हणतात

व्हॉट्सॲपवर "रोज चॉकलेट खा, हार्ट अटॅक टाळा" फिरत असतं, म्हणून हे जरा नीट सांगते.

पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यालगत सान ब्लास नावाची बेटं आहेत. तिथल्या कुना लोकांचा रक्तदाब वय झालं तरी फारसा चढत नाही, हे हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी तपासलं. बेटावरची माणसं कोको अगदी मुबलक पितात. तीच माणसं पनामा शहरात राहायला गेली की त्यांचं बीपी चारचौघांसारखं वाढायला लागतं. इथून या सगळ्या संशोधनाला जोर आला. आता बेटावरचा माणूस मासे खातो, अंगमेहनत करतो, शहरातल्या कटकटी त्याच्या मागे नसतात. मग श्रेय एकट्या कोकोला कसं देणार? म्हणून नंतर रीतसर प्रयोग झाले.

२०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेने असे ३५ प्रयोग, म्हणजे १८०४ माणसं, एकत्र करून पाहिली. फ्लॅव्हनॉल भरपूर असलेला कोको घेतल्यावर वरचं आणि खालचं, दोन्ही बीपी सरासरी १.७६ नी उतरलं. ज्यांचं आधीपासून जास्त होतं त्यांचं वरचं चारच्या आसपास उतरलं. म्हणजे फरक खरा आहे, पण केवढा, तर घरच्या मशिनवर लागोपाठ दोनदा मोजलं तरी याहून जास्त फरक येतो. बीपीची गोळी बंद करून चॉकलेट खाणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

त्यानंतर अमेरिकेत कॉसमॉस नावाचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निकाल २०२२ मध्ये आले. २१,४४२ माणसं, सगळी साठीच्या पुढची, साधारण साडेतीन वर्षं. रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल, तेही कॅप्सूलमधून. हृदयविकाराच्या एकूण घटना १० टक्क्यांनी कमी दिसल्या, पण तो फरक योगायोगानेही पडला असेल इतपतच होता. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. यातल्या दोन गोष्टी बातम्यांमध्ये गाळल्या जातात. एक, तो अर्क होता, चॉकलेट नव्हतं, म्हणजे साखर नाही, कोकोचं लोणी (बीतला स्निग्ध भाग) नाही. दुसरं, खर्चाचा काही भार मार्स या चॉकलेट कंपनीच्या एका शाखेने उचलला होता. म्हणून प्रयोग खोटा ठरत नाही, पण माहीत असावं.

मधुमेहाचं म्हणाल, तर २०२४ च्या डिसेंबरात बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डचा एक अभ्यास आला. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांमध्ये टाइप टू मधुमेह २१ टक्क्यांनी कमी आढळला. मिल्क चॉकलेट खाणाऱ्यांना असा फायदा दिसला नाही, उलट त्यांचं वजन वाढलं. हा नुसत्या निरीक्षणाचा अभ्यास आहे. डार्क खाणारी माणसं एरवीही जपून खाणारी असू शकतात. आणि यातली गोष्ट मधुमेह होण्याआधीची आहे. ज्यांना झालाय त्यांनी हा आकडा दाखवून बायकोकडून दुसरा तुकडा मागू नये.

चॉकलेटने वजन उतरतं हे तर पूर्ण सोडून द्या. जॉन बोहॅनन या विज्ञान-पत्रकाराने २०१५ मध्ये मुद्दाम एक टुकार प्रयोग केला. पंधरा माणसं घेतली, अठरा गोष्टी मोजल्या, म्हणजे योगायोगाने काहीतरी जुळणारच, आणि "चॉकलेटने वजन लवकर उतरतं" असा निष्कर्ष छापून आणला. तो जर्मनीच्या बिल्ड या वृत्तपत्रापासून जगभरच्या माध्यमांत झळकला. मग त्यानेच सांगितलं की आहारावरच्या बातम्या किती सहज खपवता येतात हे दाखवण्यासाठी केलेला तो बनाव होता. तो उघडा पडून इतकी वर्षं झाली, तरी ती बातमी अजून मला फॉरवर्ड होऊन येते.

पाकीट कसं वाचायचं

माझ्या क्लासमध्ये पहिला अर्धा तास मी कुणाला गॅसजवळ जाऊ देत नाही. आधी रॅपर वाचायचं.

पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते विसरा. "डार्क", "रिच", "इंटेन्स" हे शब्द चवीचे आहेत. पाकीट उलटं करा आणि घटकांची यादी शोधा. यादीतला क्रम वजनाप्रमाणे उतरता असतो, जे सर्वात जास्त ते सर्वात आधी. पहिला शब्द साखर असेल तर ते गोड आहे, विषय संपला. कोको मास, कोको सॉलिड्स किंवा कोको लिकर असं काही पहिलं असेल तर पुढे वाचायला अर्थ आहे. मिल्क चॉकलेटमध्ये दर १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे निम्मा ऐवज साखरच. व्हाइट चॉकलेटमध्ये कोकोचं नुसतं लोणी असतं, तुरट भाग नावालाही नाही, त्यामुळे फ्लॅव्हनॉलचा प्रश्नच येत नाही.

मग टक्केवारी बघा. ७० टक्के म्हणजे १०० ग्रॅममध्ये ७० ग्रॅम ऐवज कोकोच्या बीतून आलेला आणि उरलेल्या ३० मध्ये जवळपास सगळी साखर. पण इथे एक मेख आहे. कोकोचं लोणीसुद्धा त्या ७० मध्ये धरतात आणि फ्लॅव्हनॉल लोण्यात नसतात, कोरड्या भागात असतात. त्यामुळे एका कंपनीचं ७० आणि दुसरीचं ७० यांत गुणाचा फरक पडू शकतो. तरी आपल्याला बाजारात हाताशी असलेला सगळ्यात बरा अंदाज हाच, निदान साखरेचा तरी नेमका हिशेब लागतो.

आता कंपाउंड. पुण्यात बोहरी आळीत केकचं सामान मिळतं त्या दुकानांत डार्क कंपाउंडच्या मोठ्या स्लॅब मिळतात, घरगुती चॉकलेटं करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी तेच वापरतात, मीही साच्यातल्या स्वस्त ऑर्डरला तेच वापरते आणि विचारलं तर सांगते. कंपाउंडमध्ये कोकोचं महागडं लोणी काढून त्याजागी वनस्पती तेल घातलेलं असतं, बहुतेक वेळा पामच्या बीचं, घट्ट केलेलं. घटकांत "हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट" दिसलं की समजायचं. अशा घट्ट केलेल्या तेलातल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्वीइतकं वाईट नाही, पण ते तेल भरपूर संपृक्त असतं आणि साखर सगळ्यात वर. यात "डार्क" हा शब्द रंगापुरता. चॉकलेट म्हणून विकल्या जाणाऱ्या मालातही आपल्या नियमांप्रमाणे ५ टक्क्यांपर्यंत दुसरी वनस्पती चरबी चालते, फक्त तसं पाकिटावर लिहावं लागतं. ते वाक्य अगदी बारीक अक्षरात सापडेल.

घरी आलेल्या डब्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर तोंडाने ओळखता येतं. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा जरा खाली. तुकडा जिभेवर ठेवून चावू नका, टाळूला लावून थांबा. खरं चॉकलेट पाणी झाल्यासारखं सुटतं आणि मागे काही राहत नाही. कंपाउंड वितळलं तरी टाळूला मेणाचा पापुद्रा चिकटून राहतो, जीभ फिरवली की जाणवतो. मोडताना आवाजही वेगळा येतो, खऱ्याचा कट्‌ असा कोरडा. हा आवाज आणि चकाकी येण्यासाठी खरं चॉकलेट टेम्पर करावं लागतं. डार्क ४५-५० अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत ढवळत २७-२८ पर्यंत खाली आणायचं, परत ३१-३२ पर्यंत वर न्यायचं आणि मगच साच्यात ओतायचं. एप्रिलमध्ये पुण्यातल्या ओट्यावर हे करून पाहिलंत की घरगुती चॉकलेटवाल्या बायका कंपाउंड का वापरतात ते कळेल. त्याला टेम्परिंग लागत नाही.

किती आणि कसं खायचं

माझा आकडा १० ग्रॅम, ७० टक्के किंवा वर. १०० ग्रॅमच्या पातळ पट्टीला बहुतेकदा दहा-बारा चौकोन असतात, त्यातला एक. एवढ्यात साठेक कॅलरी आणि तीनच्या आसपास ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरची साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. दोन वेळचा गोड चहा घेणाऱ्याचा त्यातला निम्मा वाटा सकाळी दहाच्या आत संपलेला असतो. तेव्हा चॉकलेट आलं की दुसरं काहीतरी गोड त्या दिवशी गेलं पाहिजे. जेवणानंतरच्या गुलाबजामच्या जागी चौकोन ठेवलात तर फायदा, गुलाबजामच्या वर ठेवलात तर तोटा. चॉकलेटच्या फायद्यातला निम्मा फायदा मला तरी या अदलाबदलीतच दिसतो.

"त्यात मॅग्नेशियम असतं, लोह असतं" असं कुणी म्हणालं तर खरं आहे. ७० ते ८५ टक्केवाल्या १०० ग्रॅममध्ये सव्वादोनशे मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि १२ मिलिग्रॅम लोह असतं. पण आपण १०० ग्रॅम खाणार नाही, कारण तेवढ्यात ६०० कॅलरी आहेत. आपल्या चौकोनात मॅग्नेशियम २३ मिलिग्रॅम. मूठभर शेंगदाण्यात याच्या दुप्पट मिळतं. आणि लोहाचं तर उलटंच आहे. चहासारखाच कोकोही लोह अंगी लागू देत नाही. हिमोग्लोबिन कमी म्हणून मुलीला डार्क चॉकलेट खाऊ घालणाऱ्या आया मला भेटतात, त्यांना मी अळीव आणि पालेभाजीकडे परत पाठवते. लोहाची गोळी चालू असेल तर गोळी आणि कोको यांच्यात निदान दोन तास जाऊ द्या.

सवय नसेल तर ८५ टक्क्यांवर एकदम उडी मारू नका, तोंड कडू होईल आणि पाकीट फ्रिजमध्ये पडून राहील. ५० पासून सुरुवात करा. ते गोड वाटायला लागलं की ६०, मग ७०. पट्टी पालटायची घाई करू नका, जीभ आपणहून सांगते. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे आणि पूर्वी ते माझ्या साच्यातली चॉकलेटं सरळ तोंडात टाकायचे. आता दुपारच्या जेवणानंतर ८५ चा एक चौकोन, दोन बदाम, आणि मग पेपर. चौकोन ते दाताने नखाएवढा कुरतडत खातात, वीस मिनिटं पुरवतात. बदामामुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या तुकड्याकडे हात जात नाही. संध्याकाळी सातनंतर मी त्यांना देत नाही. कोकोत थोडं कॅफिन असतं आणि त्याहून बरंच जास्त त्याच्याच जातीचं थिओब्रोमिन, आणि ते म्हणतात की रात्री खाल्लं की डोळा लागत नाही. तुमची झोप पक्की असेल तर तुम्हाला हा नियम नको.

चॉकलेटपेक्षा कोको बरा

खरं सांगायचं तर गुणासाठीच खायचं असेल तर मी पट्टी घेतच नाही, बिनसाखरेची कोको पावडर घेते. साखर आपल्या हातात राहते, लोणी बरंचसं काढलेलं असतं, आणि पैसे कमी जातात. पण इथेही पाकीट उलटं करायचं. घटकांत कोकोबरोबर "ॲसिडिटी रेग्युलेटर" आणि त्यापुढे ५०० किंवा ५०१ असा क्रमांक दिसला तर ती अल्कली लावलेली पावडर. २००८ मध्ये बाजारातल्या पावडरी तपासून आकडे काढले होते. प्रक्रिया न केलेल्या पावडरीत दर ग्रॅमला सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल, आणि जास्त अल्कली लावलेलीत ३.९. नऊ पटींचा फरक. म्हणजे एक शिगोशीग चमचा, साधारण पाच ग्रॅम, साधी पावडर घेतलीत तर पावणेदोनशेच्या घरात, आणि काळीभोर घेतलीत तर वीस. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रक्तवाहिन्यांच्या फायद्यासाठी दिवसाला २०० मिलिग्रॅम ही मात्रा २०१२ मध्ये मान्य केली आहे, त्याच्याशी हे ताडून बघा. साधी पावडर तांबूस, फिकी आणि चवीला आंबटसर असते. केकवाल्यांना माहीत असतं की ती खायच्या सोड्याबरोबर फसफसते. दिसायला गरीब असते म्हणून लोक उचलत नाहीत.

एका कपाची कृती. कपात एक चमचा पावडर घ्या आणि त्यावर थेट दूध ओतू नका. कोकोला पाणी चटकन धरत नाही, वर कोरड्या गुठळ्या तरंगतात आणि त्या चमच्याने फोडत बसावं लागतं. आधी दोन चमचे कडकडीत पाणी घाला आणि चमच्याच्या पाठीने कपाच्या कडेला रगडा. पहिल्यांदा चिखल होतो, मग तो सैल होतो, आणि एका क्षणी त्याला तेलकट चकाकी येते. ती आली की पाऊण कप गरम दूध घालून परत भांड्यात ओता आणि मिनिटभर उकळा, म्हणजे जरा दाट होतं आणि तळाशी गाळ बसत नाही. चिमूटभर सुंठ किंवा जायफळ घाला. साखर अर्धा चमचा, हळूहळू तीही कमी करा. दुधामुळे कोकोचा गुण जातो असं काहीजण सांगतात, प्रयोगांचे निकाल मात्र दोन्हीकडचे आहेत, तेव्हा आवडत असेल तर दूध घाला, नाही तर पाण्यात करा.

केळ्याचं मात्र ऐका. कोको-केळ्याचा शेक जिमवाल्या पोरांचा लाडका आहे. २०२३ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तपासलं, तर केळं घातलेली स्मूदी प्यायल्यावर अंगात पोचलेले फ्लॅव्हनॉल ८४ टक्क्यांनी कमी भरले. कापलेलं केळं ज्या एन्झाइममुळे काळं पडतं तेच एन्झाइम फ्लॅव्हनॉल खाऊन टाकतं. चवीसाठी पीत असाल तर खुशाल प्या, गुणासाठी पीत असाल तर केळं दुसऱ्या वेळेला खा.

शुगर-फ्री आणि इतर भानगडी

मधुमेही लोकांसाठी म्हणून जी शुगर-फ्री चॉकलेटं मिळतात त्यात बहुतेक वेळा साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, क्रमांक ९६५. त्याने रक्तातली साखर साखरेपेक्षा कमी चढते, पण चढते. चरबी आणि कॅलरी भरपूर तशाच. आणि एका बैठकीत अर्धी पट्टी संपवली तर पोट ढवळून निघतं, जुलाबाची सूचना पाकिटावरच असते, कुणी वाचत नाही. यापेक्षा ८५ टक्क्यांचा एक चौकोन परवडला. आणि खाऊन दोन तासांनी एकदा ग्लुकोमीटर लावून बघा, कुणाच्या सांगण्यापेक्षा तुमचा आकडा खरा.

मुतखडा होऊन गेलेल्यांनी जपावं, कोकोत ऑक्झलेट बरंच असतं. ॲसिडिटीने घशाशी येणाऱ्यांना चॉकलेटने ते वाढू शकतं. अर्धशिशीवाल्यांनी स्वतःवर लक्ष ठेवावं, सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही.

शिसं आणि कॅडमियम या विषारी धातूंबद्दलही विचारतात. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २८ डार्क चॉकलेटं तपासली, त्यातली २३ अशी निघाली की रोज औंसभर, म्हणजे २८ ग्रॅम, खाल्लं तर कॅलिफोर्नियाच्या कडक मर्यादेबाहेर शिसं किंवा कॅडमियम पोटात जाईल. कॅडमियम मातीतून बीत येतं, शिसं बहुतेक वाळवताना धुळीतून. कोको जास्त तितकं हे जास्त, त्यामुळे "जितकं डार्क तितकं चांगलं" हे वाक्य तिथेच थांबतं. मोठ्या माणसाने दहा ग्रॅम खाल्लं, कंपनी अधूनमधून बदलली, तर मी घाबरणार नाही. पोटुशी बाई आणि लहान मुलं यांना रोजचा रतीब मात्र लावू नका. मुलांना वाढदिवसाचं चॉकलेट वाढदिवसाला द्यावं आणि रात्री दात घासायला लावावेत, त्यांच्या बाबतीत हृदयाचे फायदे वगैरे काढू नयेत.

घरात कुत्रा असेल तर एक इशारा. थिओब्रोमिन आपण सहज पचवतो, कुत्र्याला ते पचत नाही, आणि डार्क चॉकलेट व कोको पावडरीत ते सगळ्यात जास्त. त्याने पाकीट फोडलं तर उलटीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करून कुत्र्याचं वजन आणि अंदाजे किती ग्रॅम गेलं ते सांगा.

ठेवायचं कुठे? आपल्याकडचा उन्हाळा चॉकलेटचा वैरी आहे, पण फ्रिजही मित्र नाही. उघडं ठेवलंत तर काल रात्रीच्या भाजीचा वास धरतं, आणि बाहेर काढल्यावर वर दव सुटून साखर खडबडीत होते. घट्ट झाकणाच्या डब्यात, दाराच्या कप्प्यात ठेवा, आणि खायच्या आधी डबा न उघडता पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या. ऊन लागून परत घट्ट झालेल्या पट्टीवर पांढरट राख पडल्यासारखी दिसते. ती बुरशी नसते, वर आलेलं कोकोचं लोणी असतं. बोटाने चोळलं तर विरघळतं. चव जरा भुसभुशीत लागते, बाकी काही बिघडत नाही. ती पट्टी किसून वरच्या कपात घाला, मग त्या दिवशी साखर घालू नका.